मुका मार, साकळलेलं रक्त आणि दगड झालेली गाठ

उसाची मोळी ट्रॉलीत चढवताना निसटते आणि मांडीवर येते. महामार्गावर मोटारसायकल घसरते, माणूस कुल्ल्यावर फरपटत जातो. बैल मान झटकतो आणि शिंगाचा ठोसा पोटरीला बसतो. कातडी फुटत नाही, रक्त वाहत नाही, चार पावलं चालता येतं. ‘मुका मार आहे, जाईल आपोआप’ असं म्हणत माणूस पुन्हा कामाला लागतो. पाथरी तालुक्यात, गोदाकाठच्या उसाच्या पट्ट्यात आणि माजलगाव-परभणी रस्त्यावरच्या गावांत हे वर्षभर चालतं. बहुतेक वेळा मार खरोखरच जिरून जातो. काही वेळा मात्र आत साकळलेलं रक्त शोषलं जात नाही, त्याची गाठ राहते आणि काही महिन्यांनी ती हाताला दगडासारखी लागते. तेव्हा दवाखान्यात आलेला माणूस ‘ही विरघळवायचं औषध द्या’ असं सांगतो. असं औषध नाही. म्हणून गाठ दगड होण्याआधीच्या आठवड्यांत काय करायचं, यावर या लेखाचा भर आहे.

मार लागला की बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त कातडीखाली किंवा स्नायूत साठतं. शरीर त्याची सफाई स्वतःच करतं. पांढऱ्या पेशी फुटलेल्या रक्ताचे कण गिळतात, त्यातलं लोह वेगळं करतात. डाग आधी लालसर, मग काळानिळा, मग हिरवट आणि शेवटी पिवळा पडतो, तो याच कामामुळे. उथळ मार साधारण दोन-तीन आठवड्यांत असे रंग बदलत नाहीसा होतो. रक्त जास्त साठलं असेल किंवा फार खोल असेल, तर शरीराला ते वेळेत उचलता येत नाही. मग त्याच्याभोवती तंतूंचं जाड आवरण तयार होतं, आतलं रक्त शोषणं मंदावतं आणि आवरणावर व आतल्या मृत भागावर कॅल्शियमचे क्षार बसू लागतात. कधी अंड्याच्या कवचासारखा कडक थर बाहेर असतो आणि आत वर्षानुवर्षं चॉकलेटी रंगाचं जुनं रक्त पातळच राहतं. कधी आवरणातल्या नव्या, नाजूक रक्तवाहिन्या पुन्हा पुन्हा झिरपतात आणि गाठ मार लागल्यानंतर महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं वाढतच राहते.

दुसरा प्रकार याहून वेगळा आहे. त्यात मार लागलेल्या स्नायूमध्ये खरोखरचं हाड तयार होतं. डॉक्टर त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. मांडीचा पुढचा स्नायू आणि कोपराच्या पुढचा स्नायू या त्याच्या नेहमीच्या जागा. मार लागल्यावर तीन ते सहा आठवड्यांत एक्स-रेवर अस्पष्ट पांढरी सावली दिसू लागते आणि ते हाड पिकायला सहा महिने ते वर्ष लागतं. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत काढलेला एक्स-रे म्हणूनच स्वच्छ येऊ शकतो. ‘फोटोत काही नाही’ असं त्या वेळी सांगितलं असेल, तर ते तेवढ्या दिवसापुरतं खरं असतं. दुखणं आणि कडकपणा वाढत असेल तर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा फोटो काढावा लागतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘कॅल्शियम जास्त झालं म्हणून गाठ दगड झाली’ असं समजून माणसं दूध बंद करतात, बाळंतिणीच्या कॅल्शियमच्या गोळ्या थांबवतात. रक्तातलं कॅल्शियम अगदी नेमकं असलं, तरी मृत आणि इजा झालेल्या पेशींवर क्षार बसतात. खाण्यापिण्याचा त्याच्याशी संबंध नाही. दूध, गोळ्या, भाकरी-भाजी सगळं चालू ठेवा.

आता चोळण्याबद्दल. मला या लेखात सगळ्यात कळकळीने जे सांगायचं आहे ते हेच. पोरगं झाडावरून किंवा माळवदावरून पडतं, कोपर सुजतं आणि घरचे त्याला हाड बसवणाऱ्याकडे नेतात. तो तेल लावून रोज कोपर चोळतो, हात जोर लावून सरळ करतो, पुन्हा वाकवतो. पोरगं किंचाळतं, घरच्यांना वाटतं, दुखल्याशिवाय मोकळं कसं होणार? आत मात्र दर चोळण्याला नुकत्याच सांधू लागलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा फुटतात, रक्त पुन्हा साठतं आणि इजा झालेल्या स्नायूत हाड तयार व्हायला चालना मिळते. भारतातल्या अस्थिरोगतज्ज्ञांना हे फार जुनं, ओळखीचं चित्र आहे: मार किंवा फ्रॅक्चर, मग मालिश, मग आखडलेलं कोपर. दोन महिन्यांनी हात ना पुरता वाकतो ना सरळ होतो. घास तोंडापर्यंत नेता येत नाही, लिहिताना खांदा उचलावा लागतो. हे टाळता येतं आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. सुजलेला सांधा चोळायचा नाही, ओढायचा नाही. आधी फोटो, मग डॉक्टर सांगतील तेवढीच हालचाल आणि तीही पोराने स्वतःच्या जोराने केलेली.

हाड बसवणाऱ्यांवर राग काढण्यात अर्थ नाही. गावात रात्री-अपरात्री तोच सापडतो, आणि त्याच्या हाताखालून गेलेली साधी मुरगळ बरी झालेलीही सगळ्यांनी पाहिलेली असते. पण हाताच्या स्पर्शाने फ्रॅक्चर आणि मुरगळ यांतला फरक ठरवता येत नाही. आत किती रक्त साठलंय तेही कळत नाही. त्याच्याकडे जायचंच असेल, तर एक्स-रे काढून, डॉक्टरांनी ‘हाड शाबूत आहे’ असं सांगितल्यावर जा आणि तरीही चोळू देऊ नका.

मार लागल्यावर पहिले ४८ तास फार महत्त्वाचे असतात. तो भाग वापरू नका. बर्फ पातळ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं धरा आणि दोन-तीन तासांनी पुन्हा धरा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नका, कातडी गोठून जळते. बर्फ मिळाला नाही तर माठातल्या गार पाण्याची घडी ठेवा. क्रेप बँडेज खालून वर गुंडाळा. बोटं थंड, निळी किंवा बधिर झाली तर ते घट्ट झालंय, सोडून पुन्हा बांधा. पाय असेल तर खाली उशा घेऊन तो छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवा. या दोन दिवसांत गरम विटेचा शेक, गरम पाण्याची पिशवी आणि दारू टाळा, कारण तिन्हींमुळे रक्तस्राव वाढतो. मांडीच्या पुढच्या बाजूला जोराचा मार असेल, तर पहिला दिवसभर गुडघा वाकवून बांधून ठेवायला डॉक्टर सांगतात. स्नायू ताणलेल्या स्थितीत राहिला की आत रक्त कमी साठतं आणि नंतर गुडघा आखडत नाही. अवघडल्यासारखं होतं, पण ते ऐका.

आंबेहळद, रक्तबोळ आणि तुरटी उगाळून लावायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. कातडी फुटलेली नसेल, लेप कोमट असेल आणि तो न चोळता लावला असेल, तर लावायला हरकत नाही. पण सूज नेमकी कशाची आहे हे त्याने कळत नाही. म्हणून लेप लावला की काम संपलं असं धरू नका. कढत लेपाने भाजतं. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या माणसाला चटका बसल्याचं कळतही नाही. बिब्बा घालणं, डाग देणं, ब्लेडने चरे पाडून तुंबडी लावणं, घरातल्या सिरिंजने ‘खराब रक्त’ ओढणं, हे मात्र अजिबात नको. बंद जागेत साठलेलं रक्त जंतूंना वाढायला उत्तम खाद्य असतं. सुईच्या एका भोकातून जंतू आत गेले की दोन-चार दिवसांत तिथे पू होतो आणि साधी गाठ तापासह जिवावर बेतू शकते.

एक साधी गोष्ट लगेच करा: मार लागल्याची तारीख लिहून ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, मोबाइलमध्ये, कुठेही. कुठे लागलं, कशाने लागलं, त्या दिवशी सूज केवढी होती, हेही लिहा. जमलं तर शेजारी नाणं ठेवून फोटो काढा. पुढे डॉक्टरांना निदान करायला याचा फार उपयोग होतो. का, ते खाली येईल.

काही लक्षणं दिसली तर वाट पाहायचीच नाही. पोटरी किंवा हात ताठ, चकचकीत झाला, माराच्या मानाने कितीतरी जास्त दुखू लागला, बोटं नुसती सरळ केली तरी कळ आली, मुंग्या आल्या किंवा बोटं बधिर झाली, तर स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढला आहे असं समजा. असा दाब काही तासांत स्नायू मारतो. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रियेने कप्पा मोकळा करावा लागतो. सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. पोटाला शिंग किंवा हँडल लागून माणूस पांढरा पडत असेल, पोट ताठ झालं असेल किंवा लघवीत रक्त असेल, डोक्याला मार लागून उलट्या होत असतील किंवा गुंगी येत असेल, तरी तेच करा. गाठ लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ही लक्षणं नसतील तर आठवड्यांचा हिशोब ठेवा. दोन आठवड्यांत गाठ स्पष्टपणे लहान, मऊ व्हायला लागली पाहिजे. ती तशीच असेल, वाढत असेल किंवा सांध्याची हालचाल कमी होत असेल, तर डॉक्टरांकडे जा आणि सोनोग्राफीबद्दल विचारा. सुरुवातीच्या काळात रक्त पातळ असताना निर्जंतुक जागेत, सोनोग्राफीत पाहत जाड सुईने ते काढता येतं. नंतर आवरण घट्ट होतं आणि ही सोपी वाट बंद होते. सहा आठवड्यांनंतरही राहिलेली कोणतीही गाठ तपासलीच पाहिजे, दुखत नसली तरीही.

मोटारसायकलवरून घसरणाऱ्यांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. कुल्ला, कंबर किंवा मांडीची बाहेरची बाजू रस्त्यावर घासत गेली किंवा ट्रॅक्टर-ट्रॉलीचं चाक वरून गेलं, की कातडी आणि चरबीचा थर खालच्या स्नायूंपासून आतल्या आत सुटतो. मधल्या पोकळीत रक्त आणि पाणी साठतं. एकोणिसाव्या शतकातल्या मोरेल-लाव्हाले या फ्रेंच शल्यविशारदाच्या नावाने ही इजा ओळखली जाते. वरून साधं खरचटलेलं दिसतं आणि आत दाबलं तर डुचमळतं. कधी ती फुगवटी काही आठवड्यांनी दिसते. तोवर अपघाताचा विसर पडलेला असतो. ही पोकळी आपोआप क्वचितच भरते. लवकर दाखवली तर दाबपट्टी बांधून किंवा पाणी काढून भागतं. जुनी झाली की आवरणासकट काढावी लागते.

तान्ह्या बाळांचं वेगळं लिहितो, कारण तिथे आपल्या प्रेमाच्या सवयीच आड येतात. प्रसूतीच्या वेळी दाब पडून कवटीच्या हाडावर, हाडाच्या पातळ आवरणाखाली रक्त साठतं. त्याला सेफलहिमॅटोमा म्हणतात. शंभरातल्या एक-दोन बाळांना ते होतं. जन्मतःच असणारी आणि दोन-तीन दिवसांत ओसरणारी डोक्याची मऊ सूज वेगळी. हे टेंगूळ जन्मानंतर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांत वर येतं आणि डोक्याच्या एकाच हाडापुरतं राहतं, सांध्याची रेघ ओलांडत नाही. बहुतेक बाळांचं ते काही आठवडे ते तीन महिन्यांत आपोआप जातं. काहींच्या टेंगळाच्या कडा कडक होतात, त्यावर हाडाचा थर चढतो. बाळाचं डोकं वाढत असल्याने असे बरेच उंचवटे पुढे सारखे होतात; मोठे राहिले तर मेंदू-शस्त्रक्रियातज्ज्ञाला दाखवावं लागतं.

घरी करायचं काय? टेंगूळ दाबायचं नाही, डोकं गोल यावं म्हणून चोळायचं नाही, वर उलटी वाटी किंवा पट्टा बांधायचा नाही, आणि कुणालाही त्यात सुई घालू द्यायची नाही. टाळू भरायची असेल तर बाकीच्या भागाला हलक्या हाताने तेल लावा, टेंगळावर बोट फिरवू नका. रक्त शोषलं जाताना बाळाला कावीळ होऊ शकते. डोळे-तळवे पिवळे दिसले, बाळ दूध ओढेना किंवा सुस्त झालं तर त्याच दिवशी दाखवा. दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. प्रत्येक भेटीत त्यांना टेंगूळ दाखवा, वाढतंय की कमी होतंय हे त्यांच्यासमोर ठरवा. जन्मल्यावर बाळाला दिलेलं व्हिटॅमिन-के चं इंजेक्शन अशा रक्तस्रावाविरुद्धच असतं. ते दिलंय का, हे डिस्चार्ज कार्डावर वाचून घ्या.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल तर फारच जपायला हवं. आजी न्हाणीत घसरतात, डोकं दाराच्या चौकटीला लागतं, टेंगूळ येतं, जातं. तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी त्यांचं बोलणं असंबद्ध होतं, दिवसभर झोप येते, एका बाजूचा पाय ओढत चालतात, लघवीचं भान राहत नाही. घरात कुणी म्हणतं वय झालं, कुणी म्हणतं लकवा, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे. प्रत्यक्षात मेंदूच्या आवरणाखाली रक्त सावकाश साठत गेलेलं असतं. सीटी स्कॅनमध्ये ते दिसतं. पातळ असताना कवटीला एक-दोन लहान भोकं पाडून काढता येतं आणि पार बिछान्याला खिळलेली माणसं पुन्हा चालू लागतात. वर्षानुवर्षं तसंच राहिलेल्या मोजक्या रुग्णांत त्या रक्ताचं कडक कवच मेंदूभोवती बसतं. रोकिटान्स्की या व्हिएन्नातल्या रोगशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात अशी नोंद केली होती. ते काढायला कवटी उघडावी लागते आणि काम अवघड होतं. म्हणून वयस्क माणूस डोक्यावर पडला, तर पुढचे दोन-तीन महिने त्यांच्या चालण्या-बोलण्यावर लक्ष ठेवा आणि डॉक्टरांना ‘मागे पडल्या होत्या’ हे आपणहून सांगा. पडण्याचा प्रसंग सांगितलाच नाही, तर डॉक्टरांचं लक्ष दुसरीकडे जाऊ शकतं.

हृदयासाठी किंवा लकव्यानंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर थोड्या मारानेही खूप रक्त साठतं. गोळी मनाने बंद करू नका, तसं केल्याने झटका येऊ शकतो. पण मार लागला की त्याच दिवशी गोळीची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा. एखाद्या मुलाला खेळतानाच्या किरकोळ धक्क्याने सांधे सुजतात, दात पडला की रक्त थांबत नाही, मामालाही तसंच होतं, असं असेल तर हिमोफिलियाची तपासणी करा. अशा मुलाला दंडात किंवा कुल्ल्यात सुई देऊ नका. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळा. त्यांच्या स्नायूतलं साठलेलं रक्त रक्त गोठवणारं फॅक्टर वेळेवर मिळालं नाही तर कडक, हाड पोखरणाऱ्या मोठ्या गाठींपर्यंत जातं.

पैलवानांच्या कानाचंही असंच आहे. रगडून कानाच्या पाळीत रक्त साठतं, कूर्चेचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिथे नवी, वेडीवाकडी, टणक कूर्चा येते. तालमीत या कानाचा मान आहे, तो कुणी घेऊ नये असं मी म्हणणार नाही. पण कान सुजल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून रक्त काढून दाबपट्टी बांधून घेतली तर कान सरळ राहतो. आठवडा गेला की संधी जवळजवळ गेली. शाळकरी पोराच्या वस्तादांनी हे त्याच्या आईबापांना नक्की सांगावं. सरावात कानपट्टी वापरली तर ही वेळच येत नाही.

कुल्ल्यात वारंवार सुया घेतल्याने होणाऱ्या कडक गाठीही आपल्याकडे पुष्कळ दिसतात. त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. गोळीने भागत असताना ‘सुई मारा’ असा आग्रह धरला नाही तर त्या होतच नाहीत. स्तनाला मार लागून कडक झालेली गाठ मात्र ‘मार लागलाय’ एवढ्यावर सोडू नका. माराने तिथली चरबी मरून क्षार बसतात हे खरं, पण कर्करोगाची गाठही हाताला तशीच लागते. मॅमोग्राफी आणि गरज पडली तर सुईची तपासणी केल्यावरच ते ठरतं.

हीच गोष्ट शरीरावरच्या सगळ्या गाठींना लागू आहे आणि म्हणूनच ‘दगड झाली, आता काही होत नाही’ हा समज धोक्याचा आहे. स्नायूतला कर्करोग ‘जुना मार’ म्हणून महिनोन्‌महिने घरात राहिल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्राला नवी नाहीत. मार किती लागला होता आणि गाठ किती मोठी आहे यांचा मेळ बसत नसेल, कातडीचा रंग कधी बदललाच नसेल, गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोल किंवा वाढती असेल, रात्री दुखत असेल, तर एमआरआय होईपर्यंत कुणालाही ती कापू देऊ नका. गैरसमजाने कापलेल्या कर्करोगाच्या गाठीचे उपचार पुढे फार अवघड होतात.

आणि इथे ती तारीख कामाला येते. माराने तयार झालेल्या हाडाचा कडक थर बाहेरच्या कडेला आधी दिसतो आणि मध्य मोकळा असतो. हाडाच्या कर्करोगात साधारणपणे उलट. पण हे चित्र किती आठवड्यांचं आहे हे कळल्याशिवाय फोटो नीट वाचता येत नाही. पहिल्या काही आठवड्यांत तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर कोवळं, झपाट्याने वाढणारं हे हाड कर्करोगासारखं दिसू शकतं. तपासणाऱ्या डॉक्टरांना मार लागल्याची तारीख माहीत असेल तर मोठी चूक टळते.

निदान पक्कं झालं, की पुष्कळ कडक गाठींना काहीच करावं लागत नाही. दुखत नाही, वाढत नाही, हालचाल अडत नाही, तर ठरावीक अंतराने फोटो काढून पाहत राहणं हाच उपचार. नस दाबली जात असेल, सांधा अडत असेल, गाठ फुगत असेल, तर शस्त्रक्रिया. स्नायूतलं हाड असेल तर ते पूर्ण पिकेपर्यंत, म्हणजे बहुधा सहा महिने ते वर्षभर, थांबावं लागतं. कच्चं असताना काढलं तर पुन्हा येतं. डॉक्टर ‘थांबा’ म्हणाले की त्यांना जमत नाही असं समजून दुसरीकडे घाई करू नका. आवरण असलेली गाठ मात्र आवरणासकट पूर्ण काढावी लागते, नुसती रिकामी केली तर पुन्हा भरते. पोटरीतल्या फार जुन्या, क्षार भरलेल्या गाठी अर्धवट उघडल्या तर जखम महिनोन्‌महिने वाहत राहते, म्हणून तिथे अनुभवी हातच हवा. हाड तयार होऊ नये म्हणून डॉक्टर काही वेळा ठरावीक दिवस गोळ्या देतात. त्याच गोळ्या मेडिकलमधून मनाने घेऊन जठर आणि किडनी बिघडवू नका.

पाथरीकरांनी सुरुवात पाथरीच्या ग्रामीण रुग्णालयातून करावी. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. पुढची चिठ्ठी मिळाली तर परभणी साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. तिथे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे आणि २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. त्यापुढे नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगरची घाटी; कर्करोगाची शंका असेल तर संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचं टाटा. शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधी विचारा. १५५३८८ या क्रमांकावरही माहिती मिळते. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाणाऱ्या जोडप्यांचा उपचार हमखास मध्येच तुटतो. फडावर मार लागला की मुकादमाला सांगून जवळच्या सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी नोंद करून घ्या, केसपेपर मागून घ्या. एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरून मोबाइलने फोटो काढा, कागदांचेही काढा आणि गावातल्या एखाद्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. कोपीत कागद भिजतात, मोबाइल हरवतो. हंगाम संपून पट्टा पडल्यावर गावी आलात की पहिल्या आठवड्यात हे सगळं घेऊन पाथरीच्या दवाखान्यात जा. आणि कुठेही, कुणीही गाठ काढली तर ती पॅथॉलॉजीच्या तपासणीला पाठवली का ते विचारा आणि अहवाल हातात आल्यावर तो डॉक्टरांकडून वाचून घेऊन मगच फाइलमध्ये लावा.